मागाचा पांढरा गियर

“उघडला!” बेबीताई ओरडल्या.

मोल्डचे दोन भाग एकमेकांपासून सरकले, आतल्या पिनांनी ढकललं आणि गियर सुटून थेट माझ्या हातांत पडला. वस्तू झेलायला खाली पत्र्याचा ट्रे होता, पण मला तेवढा धीर कुठला? गियर चांगलाच तापलेला होता. या हातातून त्या हातात उडवत, नाचत मी शेडच्या दारापर्यंत गेलो आणि उजेडात धरून बघितला. दुधाळ रंगाचा, तळहाताएवढा, दात सगळे भरलेले. कडेला कुठे पापुद्रासुद्धा नाही.

“दस्तगीर! दात बघ लेका, दात!”

“हळू वरड,” दस्तगीर म्हणाला. “मशीन घाबरंल.”

दस्तगीर शिकलगार म्हणजे माझा भागीदार. हाताची घडी घालून तो मशीनपाशी उभा होता, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. पण त्याच्या मिशा मी ओळखून होतो. आनंद झाला की तो वरचा ओठ आत ओढून धरायचा आणि मिशा खाली यायच्या. त्या क्षणी त्या पार हनुवटीकडे निघाल्या होत्या.

मी निवास लोहार. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही दोघांनी मिळून एक गाळा घेतला होता. एक लेथ, एक मिलिंग, तांब्याच्या नमुन्यावरून ठिणग्यांनी पोलाद कोरणारी एक जुनी स्पार्क मशीन आणि दोन स्टुलं. नवे मोल्ड बनवायचे, प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे घडवायचे, म्हणून मोठ्या ऐटीत दोघांनीही नोकऱ्या सोडल्या होत्या. पण नव्या पोरांना मोल्ड कोण देतो? दारात यायची ती दुखणाईत गिऱ्हाइकं. कुणाची पिन मोडलेली, कुणाच्या साच्याची कड झिजून बादलीला पापुद्रा येतोय, कुणाच्या कामगारानं अडकलेलं झाकण स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून आतलं चकचकीत पॉलिश खरवडलेलं. आम्ही ते सगळं बरं करायचो आणि ज्याचं त्याला परत द्यायचो. त्यातून पोट भरत होतं, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण आपण बनवला असा एक मोल्ड काही दाखवता येत नव्हता.

याचा दस्तगीरला जास्त त्रास व्हायचा. “दुसऱ्याच्या शर्टाला ठिगळं लावून हात वाकडं झालं,” तो म्हणायचा. “एकदा तरी नवा शर्ट शिवायला पायजे का न्हाई?” अशातच पुण्याच्या एका मोठ्या टूलरूमनं त्याला बोलावलं. तिथे नव्या मोल्डचंच काम. सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. त्यानं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. मला एवढंच म्हणाला होता, “मगदूम आण्णांचा मोल्ड चालला तर हितंच ऱ्हातो. न्हाई चालला तर मला आडवू नकोस.”

आणि आज शनिवार होता.

आण्णा मगदूम इचलकरंजीचे. त्यांचे यंत्रमाग होते. मागाच्या लोखंडी गियरला तेल द्यावं लागतं, ते तेल उडतं आणि कापडावर काळे ठिपके पडतात. डागी कापड कोण घेणार? म्हणून त्यांना नायलॉनचा गियर हवा होता, बिनतेलाचा. कुणीतरी आमचं नाव सांगितलं आणि त्यांनी आमच्यावर विश्वास टाकला. आमचा पहिला नवा मोल्ड. तो चालवून बघायला आम्ही बेबीताई पोवारांच्या शेडवर आणला होता. त्यांच्याकडे प्लॅस्टिक ओतायची मशीन होती. साडीवर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट घालून त्या स्वतः मशीन चालवायच्या, आणि त्यांच्या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

बेबीताईंनी नारळ फोडला. दस्तगीरच्या उस्तादाची एक रीत होती, पहिला नग मोजायचा नाही. तो मशीनच्या माथ्यावर ठेवायचा, आधी तोंड गोड करायचं, मग मापाचा व्हर्नियर काढायचा. आम्ही ती पाळली. पेढे खाल्ले. मी दोन खाल्ले, दस्तगीरच्या वाटणीचा तिसराही खाल्ला, बेबीताईंना म्हटलं, “आता बघा, सगळी इचलकरंजी आमच्या गाळ्यापुढं रांग लावणार!” तोवर मशीन चालू होतीच. ट्रेमध्ये एकामागून एक गियर पडत होते, आणि त्या प्रत्येक टपकन आवाजाला माझ्या पोटात गुदगुल्या होत होत्या.

मग दस्तगीरनं व्हर्नियर काढला.

त्यानं एक गियर मोजला. व्हर्नियर शर्टाला पुसून परत मोजला. दुसरा गियर उचलला. त्याच्या मिशा वर गेल्या.

“निवास, शंभर यायला पायजे नव्हं?”

“शंभर मिलिमीटर. का?”

“एकशे एक हाय.”

“गरम असंल.”

“गार हाय. हात लाव.”

मी हात लावला. गार होता. मी व्हर्नियर हिसकावून घेतला आणि स्वतः मोजलं. एकशे एक. मधलं भोक मोजलं, तेही मोठं. मागाच्या दांड्याच्या मापाचा तुकडा आम्ही मुद्दाम आणला होता, तो भोकात घातला तर खुळखुळ्यासारखा वाजला. तुम्हाला वाटेल, एका मिलिमीटरनं काय बिघडतं? पण मागावर या गियरच्या शेजारी दुसरा लोखंडी गियर असतो आणि दोघांमधलं अंतर ठरलेलं असतं. मिलिमीटरभर फुगलेला गियर तिथे बसतच नाही. ठोकून बसवला तर माग जाम.

“ड्रॉइंग तुझं हाय,” दस्तगीर म्हणाला.

“कापलं कुणी? तांब्याचा गियर कुणी कापला? त्याच्यावरनंच पोलादात उतरलंय सगळं!”

“तू दिलेल्या मापावर कापलंय मी.”

“मग मोठं कसं आलं? मी काय डोळं झाकून ड्रॉइंग काढलं? एकूण एक मापाला श्रिंकेज लावलंय मी!”

दस्तगीरचा हात हवेतच थांबला.

“काय लावलंयस?”

“श्रिंकेज! नायलॉनचं एक टक्का!”

“तू कशाला लावलंस?” तो माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला. “श्रिंकेज मी दिलंय की!”

 मग बेबीताई हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, खांद्याचा आधार मशीनला देऊन त्या हसत होत्या, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे होतो.

हे श्रिंकेज म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. नवं कापड धुतलं की आटतं, म्हणून शिंपी शर्ट थोडा वाढवून शिवतो. तसंच वितळलेलं प्लॅस्टिक गार होताना आटतं, म्हणून साचा थोडा मोठा करायचा. मी ज्या टूलरूममध्ये शिकलो तिथे ही वाढ ड्रॉइंगमध्येच धरलेली असायची, कारागिरानं मुकाट्यानं मापाप्रमाणे कापायचं. दस्तगीर जिथे शिकला तिथे ड्रॉइंग वस्तूचं असायचं आणि वाढ कारागीर आपल्या हातानं द्यायचा. ती कुणी लिहीत नसे, कुणी विचारत नसे. दोघंही आपापल्या घरच्या रीतीला जागलो होतो. आणि इतके दिवस एकत्र काम करून हे कळलं कसं नाही? तर दुरुस्तीत श्रिंकेजचा प्रश्नच येत नाही. समोर जे आहे ते मोजायचं आणि तसंच परत बनवायचं. वाढ देणारा दुसराच कुणी आधी देऊन गेलेला असतो.

“पोलाद कापून बारीक कर की मग,” बेबीताई डोळे पुसत म्हणाल्या.

“मोठं झालंय ताई,” मी म्हणालो. “पोलाद काढता येतंय. काढलेलं परत कसं लावायचं?”

नवा ठोकळा, नवा तांब्याचा गियर, परत सगळं स्पार्कवर उतरवायचं. काही आठवडे गेले असते. आण्णा जेवणाच्या सुट्टीला येणार होते. ते थांबलेही असते कदाचित. पण सोमवार थांबणार नव्हता.

दस्तगीरनं चिंधीला हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसत होता. मग त्यानं खुंटीवरचा डबा काढला.

“कुठं चाललास?”

“घरी. कापडं भरायला.”

“आण्णा यायच्या आधीच? तोंड मी एकट्यानं दाखवू?”

“मी सांगितलं हुतं तुला, न्हाई चालला तर आडवू नकोस म्हणून.”

“जा!” मी ओरडलो. मला इतका संताप आला होता की कान गरम झाले होते. “जा पुण्याला! तितं सगळ्यांना विचारत बस, बाबांनो, श्रिंकेज कोण देतंय?”

खरं सांगायचं तर मला त्याच्या हातातला डबा काढून घ्यायचा होता. त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नव्हता आणि त्याच्याशिवाय त्या गाळ्यात मी काय करणार होतो हे मला माहीत नव्हतं. पण तोंडातून येत होतं ते भलतंच.

“भांडायचं असलं तर भाईर जाऊन भांडा,” बेबीताई म्हणाल्या. “मोल्ड उतरवा आणि मशीन मोकळी करा माझी. फवारणी पंपाचं वॉशर काढायचं हाईत मला. त्यो एक ताप न्यारा. पार्टीनं नायलॉनच्या साच्यात ॲसिटल वताय लावलंय आणि समदं वॉशर बारीक पडाय लागल्यात. मेलं आवळतंय किती! नायलॉनच्या दुप्पट आवळतंय.”

दस्तगीर दारात होता. त्यानं मागे वळून बघितलं. मी बेबीताईंकडे बघितलं.

“काय म्हणालासा?”

“आवळतंय म्हणलं. दुप्पट.”

“दुप्पट म्हंजे दोन टक्के,” दस्तगीर दारातूनच म्हणाला.

“दोन टक्के,” मी म्हणालो.

ॲसिटल हे नायलॉनसारखंच दुसरं एक कडक प्लॅस्टिक, आणि त्याचा हा आकडा आम्हा दोघांनाही पाठ होता. उठवून विचारला असता तरी सांगितला असता. पण भांडताना आकडे कुणाला आठवतात? नायलॉन एक टक्का आटतं, आमचा साचा दोन टक्के मोठा. ॲसिटल दोन टक्के आटतं! दात, भोक, जाडी, सगळं एकाच प्रमाणात वाढलेलं, मग सगळं एकाच प्रमाणात आटणार. दस्तगीरचा डबा खाली पडला. तो उचलायला कुणी वाकलं नाही.

“ताई, ॲसिटलचं पोतं कुठं हाय?”

“का?”

“ताई, पोतं!”

“आरं पर मशीनमधी नायलॉन हाय अजून! आडीचशेवर तापलंय. ॲसिटलला दोनशे लागतंय. तसंच वतलं तर जळंल, वायू सुटंल, डोळं फुटायची पाळी यील. आधी ते समदं भाईर काढायचं, मधी साधं प्लॅस्टिक घालून पोट धुवायचं मशीनचं, मग गार करायचं, मग ॲसिटल. माझ्या मशीनला हात लावू नकोस तू!”

मी हात मागे घेतला. पण पाय एका जागी राहीनात. बेबीताईंनी बटणं फिरवली, मशीनच्या नाकातून नायलॉनच्या तारा लोळत बाहेर पडायला लागल्या. मग साध्या प्लॅस्टिकचे पांढरे गोळे. दस्तगीरनं कोपऱ्यातला मोठा पंखा ओढत आणला आणि मशीनच्या नळीवर सोडला. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. वारा घालून अडीचशेचे दोनशे होत नसतात हे मलाही कळत होतं, पण नुसतं उभं राहणं शक्य नव्हतं.

“झालं का ताई?”

“न्हाई.”

“आता?”

“निवास, आता परत इचारलंस तर ह्यो गोळा तुझ्या डोक्यावर घालीन.”

काटा खाली येत होता. माझ्या लग्नातही मी मुहूर्ताच्या घड्याळाकडे एवढं टक लावून बघितलं नसेल. शेवटी बेबीताईंनी मान हलवली आणि ॲसिटलचे पांढरेशुभ्र दाणे वर ओतले. मशीननं पहिला घोट घेतला.

आणि नाकात काहीतरी शिरलं.

आम्ही घाईच केली होती. नळीत मागे कुठेतरी उष्णता उरली असणार. मिरचीचा धूर परवडला असा तो वायू. डोळ्यांतून धारा लागल्या. “सांगत हुते! सांगत हुते मी!” बेबीताई रडत रडत ओरडल्या, पण हात त्यांचे नेमके चालले होते. साचा बाजूला, जळकं प्लॅस्टिक बाहेर, उष्णता आणखी खाली. दस्तगीरनं सगळी दारं उघडली, पंखा फिरवला. आम्ही तिघं दारात उभे राहून नाक शिंकरत होतो, डोळे शर्टाच्या बाहीला पुसत होतो, आणि तेवढ्यात समोर जीप थांबली.

आण्णा मगदूम उतरले. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, हातात मागाचा दांडा आणि गियर बसवलेला छोटा लोखंडी सांगाडा. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे ते शांत जागीसुद्धा ओरडूनच बोलायचे. आम्हा तिघांना रडताना बघून ते थबकले, त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि जमेल तेवढा आवाज खाली आणून विचारलं,

“कोन गेलं ओ?”

मला हसू फुटलं. दस्तगीरलाही. बेबीताई तर आधीपासूनच हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं. आण्णा आमच्याकडे अशा नजरेनं बघत होते की या लोकांना मोल्ड देऊन आपण काय करून बसलो असं त्यांना वाटत असावं.

“कोण न्हाई गेलं आण्णा,” बेबीताई म्हणाल्या. “बसा. आत्ता हुतंय.”

आता मशीन शांत झाली होती. बेबीताईंनी पुन्हा दाणे सोडले. पहिला गियर आला तो अर्धवट, अर्धे दातच नाहीत. दुसरा जवळजवळ भरला. तिसरा पूर्ण. तो ट्रेमध्ये पडला आणि मी या खेपेला हात मागे बांधून उभा राहिलो. आधीच्या गियरचा रंग दुधाळ होता, याचा चुन्यासारखा पांढरा. दस्तगीरनं तो फडक्यात घेतला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला.

“मोजा की,” आण्णा गरजले.

“गार हुंदे आण्णा. आटतोय त्यो अजून.”

“पान्यात टाका.”

“न्हाई. त्याचा त्याला आटू द्यायचं.”

बेबीताईंनी चहा सांगितला. चहा आला, प्यायला, कप रिकामे झाले. फळीवर पांढरे गियर ओळीनं मांडलेले होते आणि आम्ही चौघंही त्यांच्याकडे बघत होतो.  आण्णांनी एक आधीचा दुधाळ गियर ट्रेमधून उचलला, एक फळीवरचा. दोन्ही शेजारी धरले.

“ह्ये दोन येगळं हाईत.”

दस्तगीरनं माझ्या पायावर पाय दिला. त्याचा अर्थ मला कळला. पण पोटात काही ठेवायची मला सवयच नाही.

“आण्णा, पांढरा हाय त्यो नायलॉनचा न्हाई. ॲसिटलचा हाय.”

“म्या नायलॉन सांगितलं हुतं.”

“व्हय. पण आम्ही चुकलो.” आणि मी सगळं सांगून टाकलं. माझं एक टक्का, त्याचं एक टक्का, भांडण, वॉशर, वायू, सगळं. दस्तगीर खिडकीबाहेर बघत होता, त्याचे कान लाल झाले होते. सांगून झाल्यावर मी म्हणालो, “चुकलोय ते खरं. पण गियर बरोबर हाय का ते गियरला इचारा. आम्हाला नका इचारू.”

आण्णांनी दोन्ही गियर दस्तगीरपुढे धरले. दस्तगीरनं व्हर्नियर उचलला, पांढरा गियर घेतला. मी डोळे मिटले.

“शंभर,” तो म्हणाला.

मग भोक मोजून अगदी हळू म्हणाला, “भोक पण बरोबर. निवास, समदं बरोबर हाय.”

आण्णांनी त्याच्या हातातून गियर घेतला, आणलेल्या सांगाड्याच्या दांड्यावर सरकवला. तो घट्टही नव्हता, सैलही नव्हता. शेजारच्या लोखंडी गियरमध्ये त्याचे दात गेले. आण्णांनी एका बोटानं फिरवलं. आवाजच नाही. त्यांनी परत फिरवलं, कान जवळ नेला.

“हितं बोटानं फिरतंय,” ते म्हणाले. “म्हाग बोटानं चालत न्हाई. चला, बसा जीपमधी.”

“कुठं?”

“इचलकरंजीला! म्हागावर बघूया!”

बेबीताईंना निरोप देऊन आम्ही तसेच ऑइलनं माखलेल्या कपड्यांत जीपमध्ये चढलो. गियरची पिशवी दस्तगीरनं मांडीवर घेतली होती.  आण्णा मधूनच मागे वळून पिशवीकडे बघायचे.

त्यांच्या शेडमध्ये पाय टाकला आणि कान बंद झाले. चारी बाजूंनी माग कोसळत होते. सूत तुटू नये म्हणून हवा ओली ठेवलेली, अंगाला शर्ट चिकटला. आण्णांच्या जॉबरनं, म्हणजे मागांच्या मिस्त्रीनं, एक माग बंद केला, काळा तेलकट गियर काढला आणि आमचा पांढरा बसवला. मग त्यानं तो अंगठ्यानं दाबून बघितला आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

“नायलॉनचा हाय?”

“न्हाई! ॲसिटल!”

“मग बरं हाय! नायलॉन हितं पानी पितंय आणि फुगतंय! पयल्या मालकाकडं हुतो तवा एकानं दिल्तं, पंदरा दिसात जाम झालं!”

मी दस्तगीरकडे बघितलं. त्यालाही ऐकू गेलं होतं. म्हणजे आमचा मोल्ड पहिल्या फटक्यात बरोबर बनला असता, नायलॉनचा गियर नेमका शंभरचा आला असता, तर आम्ही आनंदानं नाचत तो इथे बसवून गेलो असतो आणि पंधरा दिवसांनी तो या ओल्या हवेत फुगून अडकला असता. ॲसिटल पाणी पीत नाही.

जॉबरनं माग सुरू केला. धोटा इकडून तिकडे धावू लागला. पांढरा गियर फिरताना दिसत होता, नंतर त्याचे दात दिसेनासे झाले, नुसतं पांढरं वर्तुळ. कापड वीतभर पुढे सरकलं. मग हातभर. आण्णा वाकून कापड बघत होते, बोटांनी चाचपत होते. एकही ठिपका नाही. त्यांनी मागाच्या चौकटीवर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि मग माझ्याकडे वळून काहीतरी जोरात बोलले. मागांच्या आवाजात आण्णांचं ओरडणंही बुडालं. म्हणून त्यांनी मला दंडाला धरलं, दस्तगीरला मनगटाला, आणि आम्हाला बाहेर अंगणात ओढत नेलं.

“ह्येच्या जोडीचा धाकटा गियर हाय, त्यो पन पायजे!” ते ओरडले. “ह्येच्यातच! पांढऱ्यातच! आनि ह्यो जसा केलाय अगदी तसाच! कवा देताय?”

“देऊ आण्णा,” मी म्हणालो. पण म्हणताना माझं लक्ष दस्तगीरकडे होतं. त्याच्या मिशा पाहिल्या. काही कळेना.

संध्याकाळी आम्ही एसटीनं परत निघालो. गाडीत गर्दी नव्हती. मला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं, पण विचारायची हिंमत होत नव्हती. मोल्ड चालला तर राहीन, असं तो म्हणाला होता खरं. पण आमचा मोल्ड चालला म्हणायचा की चुकला म्हणायचा? नायलॉनचा तर चुकलाच होता.  तो खिडकीतून उसाचे फड बघत बसला होता.

“निवास.”

“काय?”

“धाकट्याचं श्रिंकेज कोण देणार?”

“तू दे. न्हाईतर मी देतो. पण कुणीतरी एकानंच. दोन टक्के. आणि ह्या खेपेला लिहून ठिवू.”

त्यानं मान हलवली. “नको.”

“नको म्हंजे?”

“आण्णा काय म्हणालं? जसा केलाय तसाच. तू ड्रॉइंगमधी एक टक्का लाव. मी कापताना एक टक्का देतो.”

“आरं, पण हिशेब एकच हाय की! आणि तू पुण्याला...”

दस्तगीरनं वरचा ओठ आत ओढला.

“पुण्याला कोण जातंय?” तो म्हणाला. “मी गेलो तर एक टक्का कमी पडंल की.”

मी उडी मारून उभा राहिलो आणि काय ओरडलो ते मला आज आठवत नाही. डोकं वरच्या दांडीला आपटलं एवढं आठवतं. मी दस्तगीरच्या पाठीत धपाटे घालत होतो, तो “आरं, आरं” करत हसत होता, पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी पिशवी छातीशी धरली होती. कुणाचा तरी स्टॉप चुकला असं समजून कंडक्टरनं घंटी मारली. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली.

“कोण उतरणार हाय?” कंडक्टरनं विचारलं.

“कोण न्हाई उतरत,” दस्तगीर म्हणाला. “चलू द्या.”